परभाषेचे एम्. ए. कोणासाठी?

विट्यासारख्या तालुक्याच्या गावातील मुलांनी इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए. होण्यात काय हशील आहे, असा प्रश्न अलीकडे शहाणीसुरती माणसेही विचारू लागली आहेत. ज्यांच्या घरी माग चालतात, किंवा ज्यांचे वडील परप्रांती सोन्याचांदीच्या गलाईच्या दुकानात बसलेले आहेत, त्या मुलांनी उमेदीची दोन वर्षे शेक्सपियर आणि कीट्स यांच्यापायी का दवडावीत? कामापुरते इंग्रजी बोलता आले म्हणजे पुरे. अधिक हौस असेल तर जर्मन अगर जपानी शिकावे, म्हणजे परदेशी नोकरी तरी मिळेल. आणि उरलेसुरले काम यंत्र करील! आक्षेप सरळ आहे, तेव्हा उत्तरही सरळच दिले पाहिजे. परभाषेचा उच्च अभ्यास आम्हांस हवा आहे, किंबहुना आज आहे त्याहून पुष्कळ अधिक हवा आहे; परंतु आज तो ज्या रीतीने चालला आहे त्या रीतीने नव्हे. ज्या अभ्यासातून मराठीच्या पदरात एक पानही पडत नाही, तो अभ्यास, पदवी कितीही मोठी असो, निष्फळ होय.

भाषा कानाने येते, ही गोष्ट विटेकरांस कोणी शिकवावयास नको. खानापूर-आटपाडीच्या या अवर्षणग्रस्त टापूतील माणसे गलाईच्या धंद्यानिमित्त पिढ्यान्‌पिढ्या केरळापासून पंजाबापर्यंत पसरलेली आहेत. मल्याळम्, तमिळ, बंगाली या भाषा ती कोणत्याही शाळेत न जाता बोलतात, आणि त्या भाषांत घासाघीस करतात, भांडतात व स्नेहही जोडतात. त्यांच्या या कर्तबगारीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु दुकानाची भाषा दुकानाची कडी लागली की संपते. इतक्या घरांत मल्याळम् नांदत असता त्या घरांतून एखादी मल्याळम् कादंबरी थेट मराठीत आल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. हा दोष त्या कष्टाळू माणसांचा नव्हे. व्यवहाराचे बोलणे आणि भाषेचा अभ्यास या दोन वस्तू निराळ्या आहेत, एवढेच यावरून दिसून येते.

हेच परदेशी नोकरीच्या भाषेस लागू आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि तेव्हापासून जर्मन शिकण्याची चर्चा खेडोपाडी होऊ लागली. मुले जाऊन चार पैसे मिळवोत. यात वाईट काहीच नाही. परंतु हीच वाट उलट दिशेने चालून आलेल्या एका जर्मन गृहस्थाकडे पाहावे. गुंथर सोंथायमर हे हायडेलबर्गचे पंडित. ते महाराष्ट्रात आले, मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर राहिले, त्यांच्या ओव्या त्यांनी ऐकल्या व टिपल्या. आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. ज्या बिरोबाची यात्रा आमच्याच जिल्ह्यात आरेवाडीस भरते, त्याच्याविषयीचा हा ग्रंथ! अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ साली निघाले. म्हणजे तेरा वर्षे आमच्या शेजारच्या दैवताचे शास्त्र एका परक्या भाषेत कुलूपबंद होते. आणि ते कुलूप उघडले तेही आम्ही नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आम्ही पेढे वाटले. पेढे गोड होते. परंतु आपल्याच देवांविषयी काय लिहिले गेले ते वाचण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणे, हे काही अभिजातपणाचे लक्षण नव्हे.

परभाषेच्या मागे लागले की स्वभाषेचा अभिमान सुटतो, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्या पक्षास आम्ही माधव ज्युलियन यांचे नाव सांगू. माधवराव पटवर्धन हे प्रथम पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. फारसीचा त्यांचा व्यासंग वरवरचा नव्हता. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या, आणि त्याच कवीचे फिट्झेराल्डने केलेले इंग्रजी रूप ‘द्राक्षकन्या’ या नावाने वेगळे दिले. मूळ कवी कोणता आणि इंग्रजांनी सजवलेला कवी कोणता, हा भेद मराठी वाचकास त्यामुळे आपल्या डोळ्यांनी पाहता आला. गज्जलेचे वृत्तही त्यांनीच आमच्या कवितेत रुजविले. आणि मौज अशी की, भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कार करणारेही हेच! मराठीतील कोणता शब्द फारसीतून आला हे फारसी न जाणणाऱ्यास कळणार तरी कसे? परभाषेचा पारंगत हाच स्वभाषेचा जाणता राखणदार होऊ शकतो, याहून अधिक स्पष्ट दाखला कोणता हवा?

त्याच राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३२ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शिवचरित्रात डच कागदपत्रांचा उपयोग केला. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठ्यांचा इतिहास वेचून काढला. शिवछत्रपतींच्या नावाने घसा कोरडा करणारे आम्ही. परंतु डच व पोर्तुगीज वाचू शकणारे मराठी अभ्यासक आज किती आहेत? जयजयकारास पारंगतता लागत नाही. कागद वाचावयास लागते.

आता यंत्राविषयी. यंत्र मजकुराचा गोषवारा झटकन देते, हे आम्हांस मान्य आहे, व पत्रव्यवहारापुरता त्याचा उपयोग कोणीही करावा. परंतु ‘हॅम्लेट’ नाटकातील राणीच्या अंतःपुरातला प्रवेश घ्या. आई मुलास सलगीच्या सर्वनामाने दटावते. मुलगा तिला आदरार्थी, पण दूर लोटणाऱ्या सर्वनामाने तसेच उलट उत्तर देतो. आणि लगेच आईदेखील सलगी टाकून तेच थंड सर्वनाम उचलते. सारे नाते त्या दोन-तीन वाक्यांत तुटते. आजच्या इंग्रजाच्या बोलण्यात हा भेद उरलेला नाही. त्यास तो टीपेतून समजावून घ्यावा लागतो. मराठी मुलास मात्र तो कानानेच कळावा, कारण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर तो घरात रोज अनुभवतो. रागावलेली आई एकाएकी ‘अहो, आपण मोठे शहाणे!’ असे म्हणाली की काय समजावयाचे, हे त्यास सांगावे लागत नाही. या एका बाबतीत विट्याचा विद्यार्थी लंडनच्या विद्यार्थ्याहून सुदैवी आहे! शिवाय यंत्राने केलेले भाषांतर बरोबर की चूक, हे ठरविण्यास दोन्ही भाषा जाणणारा मनुष्य लागतोच. तो मनुष्य आपण तयार करणेच सोडून दिले तर उद्या यंत्राची चूक दाखविणार कोण?

परंतु त्या सुदैवाचे आम्ही काय करतो? येथे आक्षेपकांइतकाच आमच्या व्यवसायबंधूंचाही समाचार घेणे प्राप्त आहे. परीक्षेस नेमलेले नाटक समग्र न वाचता त्यावरील बाजारी मार्गदर्शिका वाचावयाची. कोण्या टीकाकाराने काय म्हटले ते घोकावयाचे. आणि उत्तरपत्रिकेत ते जसेच्या तसे ओतावयाचे: या क्रमाने मनुष्य एम्. ए. होऊ शकतो, नव्हे, होतो. मूळ पुस्तकाशी त्याची गाठ पडत नाही, आणि मराठीशी तर या अभ्यासाचा संबंधच ठेवलेला नाही. वर्गात मराठी शब्द उच्चारणे कमीपणाचे मानणारे अध्यापक आम्ही पाहिले आहेत. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले ते १८८३ साली. चिपळूणकर पितापुत्रांनी जॉन्सनचा ‘रासेलस’ मराठीत आणला तो त्याही आधी. त्यांच्याजवळ मार्गदर्शिका नव्हत्या, शिष्यवृत्त्या नव्हत्या. परंतु इंग्रजी वाचावयाचे ते मराठीस काही देण्यासाठी, ही जाणीव होती. ती जाणीव गेली आणि पदवी तेवढी उरली.

यावर आमची सूचना अशी. परभाषा कोणतीही असो, इंग्रजी, जर्मन, रशियन वा जपानी, तिच्या एम्. ए. च्या अभ्यासक्रमात एका प्रश्नपत्रिकेच्या जागी प्रत्येक विद्यार्थ्याने, पूर्वी मराठीत न आलेली, शंभर पाने थेट मूळ भाषेतून मराठीत उतरवावी. त्यांस टिपा जोडाव्या. आणि दोन परीक्षकांपुढे बसून शब्दाशब्दाचा जबाब द्यावा. कोणी म्हणेल, विद्यार्थी यंत्राकडून करून आणतील. खुशाल आणोत! ‘येथे तू का लिहिलेस, तुम्ही का नाही?’ या एका प्रश्नात उसने ज्ञान उघडे पडते. कोणी म्हणेल, असे तपासू शकणारे अध्यापक मिळणार नाहीत. ज्यांस दोन भाषांमधून ये-जा करता येत नाही, त्यांनी भाषेच्या आसनावर बसावे तरी कशाला?

हिशेब अगदी साधा आहे. एखाद्या महाविद्यालयात वर्षास वीस विद्यार्थी धरले, तर दहा वर्षांत दोनशे विद्यार्थी व वीस हजार पाने होतात. त्यांतील नऊ हिस्से टाकाऊ निघाले असे समजू. तरी दोन हजार पाने उरतात. गलाईच्या भट्टीत घातलेले सारेच काही सोने होऊन बाहेर येत नाही. वजन घटते, पण जे उरते त्याचा कस कोणीही लावून पाहावा. आज आमच्या पदव्यांचे वजन उत्तम आहे. कस तेवढा कोणी विचारीत नाही.

तो विचारण्याचा अधिकार विद्यापीठाइतकाच घरच्या वडीलधाऱ्यांसही आहे. परभाषेची उच्च पदवी घेऊन मुलगा अथवा मुलगी घरी आली म्हणजे गुण किती पडले, एवढेच विचारून थांबू नये. या भाषेतले कोणते पुस्तक तू पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मुळात वाचलेस, आणि ते आजीला समजेल अशा मराठीत सांगशील काय, असे विचारावे. ज्यास ते सांगता येईल त्याची दोन वर्षे, तो विट्याचा असो की मुंबईचा, मुळीच वाया गेली नाहीत.