दाखला हिऱ्याला, कामगाराला काय?

साथींनो, हिऱ्यांचा आणि आपला काय संबंध, असे काहींना वाटेल. रेल्वे किंवा टपाल खात्यातला कामगार हिरे विकत घेणारा नव्हे. पण जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ हिऱ्यांना आपल्या देशात, मुख्यतः सुरतेत पैलू पडतात. हे काम करणारे लाखो हात कामगारांचे आहेत. म्हणून 'स्वच्छ हिरा' या नावाने जगभर जो कारभार चालतो, त्यावर कामगार संघटनांनी बोललेच पाहिजे.

हा विषय निघाला आफ्रिकेतून. सिएरा लिओन देशात १९९१ ते २००२ यादवी युद्ध झाले. बंडखोरांनी हिऱ्यांच्या खाणी बळकावल्या, हिरे विकून शस्त्रे घेतली आणि हजारो गरिबांचे हातपाय तोडले. अंगोलातही बंडखोरांचे युद्ध हिऱ्यांच्या पैशावर चालले. जगात बोभाटा झाला. गिऱ्हाईक हिऱ्याकडे पाठ फिरवील या भीतीने व्यापारीही हलले. मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ले येथे बैठक झाली आणि १ जानेवारी २००३ पासून 'किंबर्ले प्रक्रिया' लागू झाली. कच्चा हिरा सीलबंद पेटीत आणि सरकारी दाखल्यासहच देशाबाहेर जाईल, असा नियम झाला. भारत पहिल्यापासून तिचा सदस्य आहे.

नियम चांगला आहे. बंडखोरांच्या व्यापाराला त्याने आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याची मर्यादा रेल्वे कामगाराला लगेच कळेल. वॅगनचे सील शाबूत असले की वाटेत कोणी माल काढला नाही एवढेच सिद्ध होते. माल भरणाऱ्या हमालाला मजुरी मिळाली की नाही, हे सील सांगत नाही. किंबर्लेच्या दाखल्याचे तसेच आहे. बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या लढाईसाठी विकलेला कच्चा हिरा, एवढ्यालाच तो 'संघर्षाचा हिरा' मानतो. जुलूम सरकारी फौजेनेच केला तर काय? २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे भागात लष्कराने हिरे खणणाऱ्या गरिबांवर गोळ्या झाडल्या. तरीही २०११ मध्ये तिथल्या हिऱ्यांच्या निर्यातीला मोकळीक मिळाली. ही व्यवस्था उभारण्यासाठी झटलेली 'ग्लोबल विटनेस' ही संस्था त्याच वर्षी निषेध करून बाहेर पडली.

मग हिरा गरीब देशाला शापच ठरतो काय? तसे नाही. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशात जेमतेम १२ किलोमीटर डांबरी रस्ता होता. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. तिथल्या सरकारने खाणी कंपनीला आंदण दिल्या नाहीत, घासाघीस करून खाण कंपनीत निम्मा वाटा मिळवला. त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. दगड तोच, पण करार कोणी आणि कसा केला यावर देशाचे भवितव्य ठरले.

मात्र बोट्स्वानाचे गुणगान करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. २००४ मध्ये तिथल्या खाण कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा याच निम्म्या सरकारी कंपनीने ४६१ कामगारांना कामावरून काढले. देशाला वाटा मिळाला म्हणजे कामगाराला मिळाला असे नव्हे. तो त्याला स्वतः संघटित होऊनच घ्यावा लागतो.

आता सुरतेकडे वळू. किंबर्लेचा दाखला फक्त कच्च्या हिऱ्याला आहे. कारखान्यात हिरा घंटीवर चढला की त्या दाखल्याचे काम संपते. पुढे चालते ते व्यापाऱ्याचे बिलावरचे आश्वासन. कारागिराला 'रत्नकलाकार' असे भारदस्त नाव आहे, पण बहुतेकांना मजुरी नगावर. नेमणूकपत्र नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. मंदी आली की कारखान्याला 'सुट्टी' लागते आणि मजुरी बंद होते. २००८ च्या मंदीत हे झाले, अलीकडच्या मंदीतही झाले. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने बेकार रत्नकलाकारांच्या मुलांची एका वर्षाची शाळेची फी, कमाल १३,५०० रुपयांपर्यंत, भरण्याचे जाहीर केले. मदत झाली हे बरेच. पण फी भरायलाही सरकार लागावे, एवढी पाळी मुळात का आली, हा खरा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेतला हिरा घ्या, त्यात खाणच नाही. पण तोही सुरतेतच घासला जातो, त्याच घंटीवर, तशाच नगाच्या मजुरीवर. आणि हिऱ्यांवर बहिष्कार हाही उपाय नव्हे. आफ्रिकेत हाताने माती चाळून पोट भरणारे आणि सुरतेतले कारागीर, दोघांच्याही चुली त्याने विझतील.

म्हणून मागणी बहिष्काराची नसून हक्काची हवी. एक, 'संघर्षाचा हिरा' ही व्याख्या रुंदावून सरकारी फौजांचा आणि खाजगी पहारेकऱ्यांचा जुलूम तिच्यात आणावा. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, एक देश अडला तरी गाडी थांबते. म्हणूनच भारत सरकारने पुढाकार घ्यावा. दोन, किंबर्लेच्या बैठकीत सरकारे, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था बसतात, तशी कामगार संघटनांनाही स्वतंत्र जागा द्यावी. तीन, निर्यात करणाऱ्या प्रत्येक कारखान्याने कारागिराला नेमणूकपत्र, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि ग्रॅच्युइटी दिल्याची तपासणी व्हावी.

'कडक नियम केले तर धंदा दुसरीकडे जाईल' ही धमकी नवी नाही. आपल्या स्टेशनांवरच्या कंत्राटी सफाई कामगारांनी ती ऐकली आहे. ग्रामीण डाकसेवकही वर्षानुवर्षे कर्मचाऱ्याचा दर्जा मागत आहेत. नोकरी पक्की नसलेल्या कामगाराचे दुखणे सगळीकडे एकच आहे. सुरतेतल्या कारागिरांची संघटना लहान आहे, आपला महासंघ मोठा आहे. थोरल्या भावाने धाकट्याच्या मागे उभे राहावे, ही आपल्या चळवळीची रीत आहे. आपल्या पुढच्या अधिवेशनात या तीन मागण्यांचा ठराव शाखांनी आणावा, अशी माझी विनंती आहे.