बॅटरीचा बायोडेटा

पहाटेचे पावणेसहा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, साडेसहाला हॉस्पिटलात हजर राहायचं. पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये मी ऐटीत चावी फिरवली... आणि गाडी म्हणाली, कट्. कट्. कट्. बस्स!

आई काही बोलली नाही. फक्त मांडीवरची पर्स तिनं घट्ट धरली. ती रात्रभर झोपली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

देव पावला तो शेजारच्या काकांच्या रूपात. मॉर्निंग वॉक सोडून त्यांनी जंपर केबल आणली. आधी लाल, मग काळी, आणि काळीचं शेवटचं टोक बॅटरीला नाही, तर माझ्या इंजिनच्या उघड्या धातूला! बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको म्हणून. गाडी सुरू झाली, आम्ही वेळेत पोचलो.

संध्याकाळी काकांनी विचारलं, ‘‘बॅटरी घेतलीस कधी?’’
‘‘दोन वर्षांपूर्वी.’’
‘‘आणि बनली कधी?’’

घ्या! उत्तर बॅटरीवरच होतं. मी घेतली त्याच्या अकरा महिने आधी. घासाघीस करून चारशे रुपये वाचवल्याचा केवढा आनंद झाला होता मला! बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते, आणि चार्ज न करता तशीच ठेवली की आतून खराब होते. चिंचवडला एक्साइडचा कारखाना १९६९ पासून आहे. बॅटऱ्या बनतात आपल्या शेजारी, आणि आपल्याला तारीखसुद्धा वाचता येऊ नये?

तर मंडळी, मोबाइल घेताना आपण दहा दुकानं पालथी घालतो ना? इथेही थोडा बायोडेटा तपासा.

पहिलं म्हणजे, दोष खरंच बॅटरीचाच आहे का? गाडी रात्रभर उभी असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण रिकामी म्हणजे मेलेली नव्हे! पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट करायला सांगा. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत आकडा साधारण १४ ला जातो. तो वर सरकलाच नाही, तर अल्टरनेटर दाखवा. नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात झोपेल.

दुसरं, साइज. गाडीच्या मॅन्युअलमध्ये अँपिअर-अवर दिलेले असतात, तेवढेच घ्या. ‘मोठी टाका साहेब, टेन्शन नाही’ म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणा. ट्रेमध्ये नीट बसली नाही तर खड्ड्याखड्ड्याला हादरे खाईल. प्लस-मायनसची बाजूही जुनीसारखीच हवी. केबल ओढूनताणून उलटी लागली, तर इलेक्ट्रॉनिक्सचा बोऱ्या वाजलाच समजा.

तिसरं, गाडी सिग्नलला आपोआप बंद-चालू होते का? मग मूळची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम असणार. स्वस्तात साधी बसवलीत तर ती लवकर दमते.

चौथं, वॉरंटी. ६० महिने छापलंय म्हणून खुश होऊ नका. त्यातले फुकट बदलून मिळण्याचे किती? ३०+३० असेल, तर दुसऱ्या तीसांत फक्त नवीवर सूट मिळते, तीही महिन्यागणिक कमी होणारी. बिलावर तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्या. जुनी बॅटरी परत द्या, बिलात पैसे कमी होतात आणि तिच्यातलं शिसं पुन्हा वापरात येतं. भंगाराच्या कोपऱ्यात ॲसिड गळत राहण्यापेक्षा बरं, नाही का?

एवढं करूनही एक गोष्ट आपल्याच हातात उरते. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो. गाडी निघते ती फक्त कोकणे चौकापर्यंत, भाजीला! स्टार्टरनं खर्च केलेली वीज एवढ्याशा फेरीत भरून येत नाही. त्यात आपला एप्रिल-मे. थंडीत गाडी रुसते म्हणून आपण थंडीला बोल लावतो, पण बॅटरीला घाव बसलेला असतो उन्हाळ्यातच. आता मी रविवारी सकाळी गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवतो. शेजारी आई असते.

महिन्याभरानं तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तीच पहाट, तोच बेसमेंट. चावी फिरवली आणि एका झटक्यात इंजिन सुरू!

आईनं पर्स बाजूच्या सीटवर ठेवली आणि म्हणाली, ‘‘आज काका नाही लागले?’’