गप्प बसवणाऱ्यांनी अध्याय पुरा वाचावा

देवासच्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींनो,

मंडळीच्या वार्षिक सभेत एका विधवा बहिणीने दुरुस्तीफंडाचा हिशेब मागितला. कमिटीतल्या एकाने, सभेत स्त्रियांनी गप्प राहावे, हे १ करिंथ १४:३४ वाचून तिला खाली बसवले. बाकीचे माना खाली घालून बसले.

हिशेब मिळायलाच हवा. पण हे पत्रक आहे वचनाचा दंडुका करण्याच्या सवयीवर. गाण्याला, संडे स्कूलला, नाताळच्या स्वयंपाकाला बाई चालते. तिने पैशांबद्दल विचारले की पौल आठवतो!

तोच अध्याय उघडा. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने गप्प राहावे, हे २८वे वचन. दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर आधीच्याने थांबावे, हे ३०वे. लांबलेला उपदेश या वचनावर कोणी कधी थांबवला आहे? गप्प राहायला तिघांना सांगितले, बसवले फक्त बाईला. पौल करिंथच्या सभेतला गोंधळ आवरत होता. याच पत्राच्या ११:५ मध्ये तोच पौल म्हणतो की प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे. तोंडच उघडायचे नव्हते, तर पदराचा नियम कशाला?

"मग तीमथ्याच्या पहिल्या पत्राचे काय?" दुसऱ्या अध्यायातले स्त्रीने शांतपणे शिकावे हे ११वे वचन ज्यांना पाठ आहे, त्यांनी ९वेही वाचावे. तिथे सोने आणि मोती नकोत म्हटले आहे. तुमच्या घरच्या लग्नात ते कोणी वाचले?

घरी नवऱ्याला विचारा, हे १ करिंथ १४मधले ३५वे वचनही तिला ऐकवले. विधवेला! मग पंडिता रमाबाईंनी कोणाला विचारायचे होते? १८८२ साली त्यांचे पती गेले, १८८३ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इंग्लंडात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, अशी हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी उलट लिहिले की आईने आणि मी पुरुषांना शिकवले, त्याला माझ्या वडिलांची वा पतीची कधी ना नव्हती. पुढे याच बाईने हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी ते छापले.

"परंपरा मोडते," असेही ऐकले. कोणती परंपरा? अपुल्लोसारख्या विद्वानाला प्रिस्किल्लेने पतीसह शिकवले (प्रेषितांची कृत्ये १८:२६). पुनरुत्थानाचा निरोप प्रभूने मग्दालीया मरीयेकडे दिला. दक्षिण भारत मंडळीने २०१३ साली ई. पुष्पा ललिता यांना बिशप केले.

येत्या रविवारी चौदावा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत व्यासपीठावरून वाचावा, २८ आणि ३० न गाळता. आणि तो एखाद्या बहिणीने वाचावा.