विश्लेषण : मुंबईची वीज तोडणारे भाई कोतवाल कोण होते? आझाद दस्त्याला गावांनी का सांभाळले?

दादरला प्लाझा सिनेमासमोरच्या कोतवाल उद्यानाजवळून रोज हजारो लोक जातात. हे कोतवाल म्हणजे माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच हुतात्मा भाई कोतवाल. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात त्यांना आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी या दिवशी पहाटे सिद्धगडावर लोक जमतात, मशाली पेटतात, भाषणे होतात. २०२० मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला.

पण ‘विजेचे मनोरे पाडणारा क्रांतिकारक’ या एका ओळीपलीकडे त्यांची ओळख फारशी पोहोचत नाही. मनोरे पाडणे हा त्यांच्या आयुष्यातील जेमतेम तीन महिन्यांचा भाग होता. तो शक्य झाला त्याआधीच्या कामामुळे.

भाई कोतवाल कोण होते?

त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान तेव्हा साहेबांचे आणि मुंबईतील धनिकांचे थंड हवेचे ठिकाण होते. डोंगरावर बंगले आणि त्या बंगल्यांची सेवा करणारी वस्ती, अशी गावाची सरळ विभागणी होती. कोतवाल दुसऱ्या भागातले.

चौथीपर्यंतचे शिक्षण माथेरानमध्ये झाल्यावर ते पुण्याला शिकायला गेले. पुढे कायद्याची पदवी घेऊन ते वकील झाले. शहरात वकिली करून सुखाने राहणे त्यांना शक्य होते, पण ते माथेरानला परतले. १९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. ज्या गावात त्यांच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाइकांची सेवा केली, त्या गावाच्या कारभारात ते आता बसू लागले होते.

धान्यकोठी म्हणजे काय?

कर्जत, खालापूर आणि मुरबाडचा हा पट्टा भातशेतीचा. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी अशी इथली वस्ती. भात कापणीला येते दिवाळीच्या सुमारास; घरातले धान्य संपते पावसाळ्याच्या तोंडाशी. नेमके तेव्हाच शेतात सर्वाधिक राबावे लागते. त्या चार महिन्यांसाठी सावकाराकडून भात उसने आणायचे आणि पीक आले की वाढीव मापाने परत करायचे, ही इथली जुनी रीत. त्यालाच खावटी म्हणतात. परतफेडीत नवे पीकही सावकाराच्या अंगणात जायचे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच दरवाजा ठोठवावा लागायचा.

कोतवालांनी यावर धान्यकोठीचा उपाय काढला. सुगीच्या वेळी गावाने थोडे थोडे धान्य एकत्र साठवायचे आणि अडचणीच्या दिवसांत गरजूंना ते सावकारी व्याजाशिवाय द्यायचे. आजच्या भाषेत ही गावाची धान्य बँक. त्याबरोबर त्यांनी गावांमध्ये स्वयंसेवी शाळा सुरू केल्या. कागदावर अंगठा उठवण्याआधी त्यावर काय लिहिले आहे हे वाचता यावे, एवढे शिक्षणही सावकारशाहीला धक्का देणारे होते.

यातून एक गोष्ट घडली, जी पुढे निर्णायक ठरली. डोंगरातल्या वाड्यांना हा वकील ओळखीचा झाला आणि या वकिलाला प्रत्येक पाऊलवाट.

आझाद दस्ता कसा तयार झाला?

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत काँग्रेसचे बहुतेक सर्व मोठे नेते तुरुंगात होते. पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी बाहेर उरले नाही. त्यामुळे निर्णय तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या हाती आला. कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला.

दस्त्यात सुमारे ५० जण होते. त्यात शेतकरी होते आणि गावशाळांचे शिक्षकही होते. नेरळजवळच्या मानिवली गावचे गोमाजी पाटील आणि त्यांचा मुलगा हिराजी हे त्यातले प्रमुख. म्हणजे धान्यकोठी आणि शाळा यांचे जे जाळे होते, तेच आता दस्त्याचे जाळे झाले.

विजेचे मनोरेच का निवडले?

याचे उत्तर इथल्या भूगोलात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा परिसरात टाटांनी तलाव बांधले. तिथले पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचे आणि त्या जोरावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ मध्ये. ही वीज उच्च दाबाच्या तारांवरून थेट मुंबईत जात असे. गिरण्या, कारखाने आणि लोकलगाड्या यांचा मोठा भार या विजेवर होता. दुसरे महायुद्ध सुरू असल्याने मुंबईतील उत्पादन ब्रिटिशांसाठी अधिकच मोलाचे होते.

वीजकेंद्राला पहारा देता येतो, कारण ते एका जागी असते. तारांचे तसे नसते. डोंगर, जंगल आणि शेते ओलांडत त्या कित्येक किलोमीटर जातात आणि त्यांना दर काही अंतरावर पोलादी मनोरा लागतो. मनोरा चार पायांवर उभा असतो आणि दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण तोलून धरतो. एखादा मनोरा कोसळला की तारा जमिनीवर येतात आणि पूर्ण वाहिनी बंद पडते. दुरुस्तीसाठी जड साहित्य डोंगरात न्यावे लागते, त्यात दिवस जातात. थोड्या माणसांनी, साध्या हत्यारांनी सर्वाधिक परिणाम साधायचा तर यापेक्षा अचूक जागा नव्हती.

सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने ११ मनोरे पाडल्याचे सांगितले जाते. सरकारने कोतवालांवर इनाम लावले.

यात आणखी एक अर्थ आहे. पाणी याच डोंगरांचे, वीजकेंद्रे याच तालुक्यांतली, तारा याच शेतांवरून जाणाऱ्या. पण तारांखालच्या घरात रॉकेलचा दिवा. मनोरा हे इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोरचे, रोजचे सरकार होते.

सिद्धगडावर काय झाले?

शोध वाढल्यावर दस्ता सिद्धगडाच्या रानात हलला. पोलिसांना ठावठिकाणा लागला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या मोठ्या तुकडीने जंगलाला वेढा घालून गोळीबार केला. हिराजी पाटील जागीच पडले. कोतवालांना मांडीत गोळी लागली. जखमी अवस्थेत पडलेल्या कोतवालांना हॉल या पोलीस अधिकाऱ्याने जवळून गोळी घातली, असे सांगितले जाते. तेव्हा ते ३० वर्षांचे होते.

हे गांधीजींच्या अहिंसेत बसत होते का?

हा वाद तेव्हाही होता. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘हरिजन’मधून किशोरलाल मश्रूवाला यांनी जीवितहानी होणार नाही अशी काळजी घेऊन तारा तोडण्यासारखी कृत्ये करता येतील, असे मत मांडले होते. गांधीजींना ते मान्य नव्हते. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी भूमिगतांना उघडपणे पुढे येण्याचा सल्ला दिला. तोपर्यंत कोतवाल जाऊन दीड वर्ष झाले होते.

म्हणून त्यांना गांधीवादी ठरवण्याचा किंवा गांधीजींच्या विरोधात उभे करण्याचा, दोन्ही खटाटोप व्यर्थ आहेत. ते काँग्रेसच्या हाकेनेच उतरले आणि वाट मात्र स्वतःची निवडली. त्या वाटेवर त्यांच्या दस्त्याचे मुख्य लक्ष्य माणूस नव्हता, मनोरा होता. हा फरक लहान नाही.

जगात अशी उदाहरणे आहेत का?

त्याच ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पॅलेस्टाईनमध्ये, इज्जुद्दीन अल-कस्साम नावाचे धर्मोपदेशक हैफा शहरात जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालवत. त्यांनीही पुढे सशस्त्र गट उभारला आणि २० नोव्हेंबर १९३५ रोजी जेनिनजवळच्या डोंगरात ब्रिटिश पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. गरिबांची शाळा, मग डोंगर, मग पोलिसांची गोळी, हा क्रम ओळखीचा वाटतो.

साम्य इथेच संपते. अल-कस्साम यांच्या गटाने माणसांवरही हल्ले केले. आणि आज त्यांचे नाव हमासच्या लष्करी शाखेला आणि तिच्या रॉकेटना आहे. रात्रीच्या वर्गांचे नाव कोणी घेत नाही. हुतात्म्याला स्वतःच्या नावाचा मालक राहता येत नाही. मागे राहिलेले त्यातले काय उचलतात, त्यावर ते नाव ठरते. हा धोका गाझापुरता नाही. आपल्याकडेही हुतात्म्यांची जातीनुसार, पक्षानुसार वाटणी होतेच.

मग कोतवालांचे काय उचलायचे?

सिद्धगडावरची मशाल हवीच. पण कोतवालांचा वारसा मोजायचा असेल तर तो त्यांच्या डोंगरातच मोजावा लागेल.

त्यांच्या माथेरानमध्ये माणसाने माणसाला रिक्षातून ओढण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतरही ७८ वर्षे चालू राहिली. ती सहा महिन्यांत बंद करून चालकांना ई-रिक्षा मिळवून द्या, असा आदेश ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्या नगरपालिकेच्या उपाध्यक्षपदी कोतवाल बसले होते, त्या गावाला हे आपणहून सुचायला हरकत नव्हती.

खालापूर तालुक्यातील मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते. त्याच परिसरात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ही ठाकूर आदिवासींची वाडी गाडली गेली. वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ता नव्हता. मदतपथकांना चिखलातून, पायी डोंगर चढावा लागला. १९४२ मध्ये तारांखाली अंधार होता. आज धरणाशेजारच्या वाड्यांचे प्रश्न त्याच जातीचे आहेत. डोंगराने शहराला द्यायचे आणि शहराने डोंगराकडे सहलीपुरते पाहायचे, हा व्यवहार बदललेला नाही.

आज यासाठी मनोरे पाडण्याची गरज नाही. मतदान आहे, ग्रामसभा आहे, न्यायालय आहे; ते मिळवण्यासाठीच कोतवाल आणि हिराजी पाटील गेले. पण पावसाळ्याआधी वाडीत धान्य आहे का, शाळेत शिक्षक आहे का, दरडीखालच्या घरांचे पुनर्वसन झाले का, हे विचारणारी माणसे लागतातच. भाई कोतवाल हे विचारत गावोगाव फिरले, म्हणून इनाम लागलेले असतानाही गावांनी त्यांना सांभाळले. २ जानेवारीला हार घालायला येणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला हेच तीन प्रश्न विचारले गेले, तर ती अधिक खरी आदरांजली ठरेल.