खेळाचा तास कोणाचा?

१९३४ साली विम्बल्डनच्या हिरवळीवर मुंबईच्या लीला राव यांनी ग्लॅडिस साउथवेल यांना हरविले. तेथे सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला अशी त्यांची नोंद आहे. पुढच्याच फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांनी त्यांना नमविले. परंतु त्या काळाचा विचार करता हा पराभव गौण होय. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा शारदा कायदा १९३० मध्ये अंमलात आला आणि तोही अनेकांना जाचक वाटला. त्यानंतर चारच वर्षांनी बावीस वर्षांची एक मुलगी रॅकेट घेऊन परदेशी खेळावयास गेली!

वडील नामांकित डॉक्टर, घर सुखवस्तू, हे मान्य. पण सुखवस्तू घरे तेव्हा मुंबईत थोडी नव्हती. या घराचे वेगळेपण आईत होते. तुकारामांच्या गाथेचे एक संपादक शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमा राव ही ती आई. वर्धेकरांनी तिची आठवण ठेवावी, कारण गांधीजींच्या लढ्यावर तिने 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य रचले व ते १९३२ साली पॅरिसहून प्रसिद्ध झाले. ही पंडिता स्वतः टेनिस खेळत असे. विद्या आणि खेळ या सवती आहेत, ही आपली लाडकी समजूत त्या घराला ठाऊकच नसावी. लीलाबाईंनीही पुढे भारतीय नृत्यावर लेखन केले.

त्याच सुमारास जर्मनी आपल्या खेळाडूंशी कसा वागत होता? डॅनिएल प्रेन ज्यू म्हणून १९३३ मध्ये डेव्हिस करंडकाच्या संघातून वगळला गेला. १९३४ व १९३६ अशी दोनदा फ्रेंच स्पर्धा जिंकणारा गॉटफ्रीड फॉन क्राम १९३८ मध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून तुरुंगात गेला. तेथे खेळाडूच्या आड सरकार आले. आपल्याकडे इतक्या क्रौर्याची गरज भासत नाही; शाळेचे वेळापत्रक पुरेसे असते.

हाताला काम आणि बुद्धीला चालना एकत्र मिळावी, हा विचार ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेने याच वर्धा शहरातून देशापुढे मांडला. असे असूनही परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताकडे वळतो. शिक्षकांवर निकालाचे ओझे असते, हे खरे. त्यांनाच दोष देणे अन्यायाचे ठरेल. पण मुलगा तो तास संध्याकाळी मैदानावर भरून काढतो. मुलीला घरची कामे असतात, अंधाराची धास्ती असते, आणि आठवी-नववीपासून 'आता पुरे' हे शब्दही असतात. शाळेतला तास गेला, की तिचा खेळच गेला.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा जी वेळापत्रके भिंतीवर लागतील, त्यांतील खेळाचा तास मार्चपर्यंत कोणत्याही विषयाला देऊ नये, एवढे मुख्याध्यापकांना सहज करता येईल. शाळा सुटल्यावर तासभर मैदान केवळ मुलींसाठी, एका शिक्षिकेच्या देखरेखीखाली, उघडे राहावे. टेनिसचे कोर्ट नसेना का; खो-खोला दोन खांब पुरतात.