मुंबई फुगली कुठे?

मा. संपादक,

शहरांत येणाऱ्यांना रोखा, असे सुचवणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. ‘बाहेरच्या लोंढ्यांनी मुंबई फुगली’ हे त्यातले गृहीतकच चुकीचे आहे. २००१ ते २०११ या काळात बृहन्मुंबईची लोकसंख्या चार टक्क्यांहूनही कमी वाढली. मुंबई शहर जिल्ह्याची तर घटली. सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. वाढला तो तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा, ३६ टक्क्यांनी.

गिरगाव-लालबागच्या चाळींतली माणसे विरार-बदलापूरला आली, कारण घर तिथेच परवडले. आमच्या जिन्यात पहाटे पावणेपाचला डब्यांची झाकणे वाजू लागतात. समोरच्या ताई परळच्या रुग्णालयात आया आहेत; त्या परततात तेव्हा मुले झोपलेली असतात. यांना लोंढा म्हणायचे?

गावात रोजगार हवा, एवढे मान्य. पण त्याच दशकात देशातली जनगणना-शहरे, म्हणजे नगरपालिका नसूनही जनगणनेत शहर गणली जाणारी ठिकाणे, १,३६२ वरून ३,८९४ झाली. म्हणजे कित्येक गावेच जागच्या जागी शहरे बनली. तिथे कोणाला रोखणार? रोखण्याऐवजी सरकारने कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारी भाड्याची घरे बांधावीत.

– एक वाचक, विरार