शिपायांचा मुलूख आणि अधिकाऱ्यांची वाट

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, तो कोणी कौतुकाने चिकटवलेला नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले. सातारा-सांगली पट्ट्यात घरोघरी फौजेची परंपरा आहे आणि तिचा अभिमान रास्तच आहे. परंतु या मुलखाने शिपाई भरभरून दिले. अधिकारी किती दिले, असे विचारले की बैठकीत शांतता पसरते.

प्रश्न जुनाच आहे. अधिकारीवर्गातील प्रादेशिक असमतोल दूर व्हावा म्हणूनच सैनिकी शाळांची योजना आखली गेली आणि देशातील पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. पुढच्याच वर्षी ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. शाळेने आपले काम केले. मात्र सहावीत जो तेथे गेला नाही आणि बारावीनंतर ज्याला एनडीए साधली नाही, त्याची वाट संपली, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. हा समज निखालस चुकीचा आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा सीडीएस परीक्षा घेतो. डेहराडूनच्या लष्करी अकादमीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी तर गणिताचा पेपरच नाही. इंग्रजी आणि सामान्यज्ञान एवढेच. तेथे मुलींनाही प्रवेश आहे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवणाऱ्या पदवीधराला विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला जाता येते. आपल्या महाविद्यालयांतून एनसीसीचा गणवेश केवळ 26 जानेवारीच्या संचलनापुरता उरावा, हे दुर्दैव नव्हे काय?

खरी मेख वयाची आहे. पदवी हाती पडताच मुलगा अभ्यासिकेत जागा धरतो आणि राज्यसेवेच्या मागे लागतो. ती परीक्षा तिशीनंतरही देता येते. सीडीएसची मुदत मात्र चोविशी-पंचविशीतच संपते. जी वाट आधी बंद होते तिच्यावर आधी चालावे, इतका साधा हिशेब पालकांच्या ध्यानी येत नाही. मग तोच पदवीधर पोलीस भरतीच्या मैदानावर धावताना दिसतो. शिपाई होण्यात कमीपणा मुळीच नाही. पण 2022 पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी होते, हेही घरात बसून मोजले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत तर उदाहरण याच मातीतले आहे. पोगरवाडीचे आणि सातारा सैनिक शाळेचे विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वातीताई दोन मुलांच्या आई. त्यांनी वयाची सवलत मिळवून निवड मंडळ पार केले, चेन्नईत प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

लेखी परीक्षेपेक्षा आपली मुले अडतात ती पाच दिवसांच्या निवड मंडळासमोर. पहिल्याच दिवशी चाळणी लागते, आणि चार अनोळखी मुलांत इंग्रजीतून आपले मत मांडताना गावाकडच्या मुलाची जीभ अडखळते. धावण्याचा सराव पहाटे चारला होतो. बोलण्याचा कधीच होत नाही. नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासन याच मुलाखतीची तयारी करून घेते, राहण्या-जेवणाचा खर्च न घेता. त्याची चौकशी सातारा आणि सांगली येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत करता येते.